मे महिन्यात व्होल्ट धरून ठेवताना

सॅम्पल-अँड-होल्ड हे सिंथेसायझरमधलं, म्हणजे विजेवरच्या वाद्यातलं, व्होल्ट टिपून धरून ठेवणारं सर्किट. त्याची आकृती एसटीच्या तिकिटामागे मावते. एक बफर (व्होल्ट न बदलता पुढं देणारा टप्पा), एक स्विच, एक कंडेन्सर आणि पुन्हा एक बफर. ट्रिगर, म्हणजे इशाऱ्याचा ठोका, आला की स्विच अर्ध्याएक मिलिसेकंदासाठी जोडला जातो, त्या क्षणी इनपुटला जो व्होल्ट असेल तो कंडेन्सरवर जाऊन बसतो, स्विच तुटतो, आणि पुढचा ट्रिगर येईपर्यंत आउटपुटला तोच व्होल्ट मिळत राहतो. इनपुटला पांढरा नॉइज दिला तर दर ठोक्याला नवा, आधी सांगता न येणारा व्होल्ट. तो सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला लावला की सूर उड्या मारत फिरतात, फिल्टरला लावला की जुन्या विज्ञानपटातल्या संगणकासारखी बडबड सुरू होते. १९७१ च्या एआरपी २६०० या सिंथेसायझरमध्ये हे सर्किट आतच बसवलेलं होतं. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर उभा केला होता. म्हणजे हा प्रकार आपल्याकडे वाटतो तितका नवा नाही.

यातलं सॅम्पल करणं सोपं. होल्ड करणं अवघड, आणि यवतमाळकडच्या खेड्यात टिनाच्या छताखाली मे महिन्यात तर फारच. आकृती बरोबर, जोडणी बरोबर, तरी धरलेला सूर घसरतो. आम्ही हे मॉड्यूल बांधलं त्यात सोल्डरिंगला दोन संध्याकाळी लागल्या. बाकीचा सगळा वेळ व्होल्ट नेमका कुठून गळतोय हे शोधण्यात गेला.

किती गळती चालेल ते आधी ठरवून घेतलेलं बरं. युरोरॅकमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल जोडून बनवायच्या सिंथेसायझरच्या पद्धतीत, सूर एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबानं चालतात. सप्तकात बारा स्वर, म्हणून एका अर्ध्या स्वराला ८३.३ मिलिव्होल्ट, आणि एका सेंटला, म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाला, ०.८३ मिलिव्होल्ट. काळी एकच्या तानपुऱ्यावर, म्हणजे साधारण २७७ हर्ट्झला, ५ सेंट घसरलेला सूर सेकंदाला जवळजवळ एक ठोका (दोन सूर न जुळल्याचा कंप) दाखवतो. कान तेवढं पकडतो. म्हणजे सूर चार-पाच सेकंद टिकवायचा असेल तर सेकंदाला एक मिलिव्होल्टच्या वर गळती नको. फिल्टरला लावायचं असेल तर एवढी कटकट करायची गरजच नाही, तिथं सेकंदाला २० मिलिव्होल्ट गेले तरी कुणाला कळत नाही.

पहिलं काम विजेचं. गावात लाइन दिवसभर सारखी नसते. वावरातल्या मोटारी सुरू असल्या की घरातले २३० व्होल्ट १७० वर येतात, मोटारी थांबल्या की मीटर २५० दाखवतो. नेहमीचा सल्ला १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. १७० च्या लाइनवर त्याच्या एका बाजूला ११ व्होल्ट उरतात, त्याचं शिखर १५.७, डायोडचे ०.७ गेले की १५. पुढं २२०० मायक्रोफॅरड आणि ३०० मिलिअँपिअरचा भार असला तर १०० हर्ट्झचा रिपल (उरलेला चढउतार) सव्वा व्होल्टच्या वर जातो, म्हणजे खालचं टोक १३.६ च्या आसपास. स्थिर १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरला आत किमान १४ लागतात. परिणाम असा की दुपारी मोटारी चालू असताना सगळ्या रॅकमध्ये घूं आवाज, आणि रात्री दहाला गायब. म्हणून १८-०-१८ घ्यावा, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे. किंमत उष्णतेत मोजावी लागते: २५० च्या लाइनला रेग्युलेटरच्या आत २७ व्होल्ट येतात, ३०० मिलिअँपिअरला साडेचार वॅट नुसते तापण्यात जातात. हीटसिंक जाड हवा. आणि ७८१२ ची पाठ ग्राउंडला असते, उणे १२ देणाऱ्या ७९१२ ची पाठ इनपुटला. दोन्ही एकाच पट्टीवर अभ्रकाशिवाय कसले की पहिल्याच सेकंदाला फ्यूज जातो.

अर्थिंगचं आमच्या भागात वेगळंच. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात, त्यातली एक भेग हमखास अर्थिंगच्या सळईला धरूनच पडते. सळई मग हवेत उभी. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा तिथं बादलीभर पाणी ओतायचं. याचा होल्डशी काय संबंध ते पुढं येईलच.

सुटे भाग नागपूरला सीताबर्डीवर मिळाले. दोन टीएल०७२ (एका आयसीत दोन ऑपअँप, म्हणजे अँप्लिफायर), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४१४८ डायोड, एक टक्क्याचे रेझिस्टर, काचेच्या धाग्याचा हिरवा झिरो पीसीबी. भुरा कागदी बोर्ड स्वस्त असतो, पण तो दमटपणा पितो. या सर्किटला तो चालणार नाही. एलएफ३९८ नावाचा आठ पायांचा आयसी याच कामासाठी बनवलेला आहे: ३ नंबरला इनपुट, ६ नंबरला कंडेन्सर, ८ नंबरला लॉजिक, ५ नंबरला आउटपुट, आणि धन-ऋण ५ पासून १८ व्होल्टपर्यंत कुठंही चालतो. खात्रीचा मिळाला तर तोच लावावा, निम्मा लेख वाचायची गरज नाही. आम्ही ऑनलाइन मागवलेल्या पाचांपैकी एकही धरत नव्हता, लॉजिक वर असो की खाली, आउटपुट इनपुटच्या मागं मागं चालायचं. वरचा छापा नवा, आतला माल कुठला कोण जाणे. म्हणून सुट्या भागांचं सर्किट.

स्विच कशाचा करायचा यावर बराच घोळ होतो. सीडी४०६६ घराघरांत असतो, पण त्याची मर्यादा एकूण १८ व्होल्टच्या आसपास आणि युरोरॅकमध्ये १२ अधिक १२ म्हणजे २४. थेट जोडला तर लगेच मरेल असंही नाही. आठवडाभर चालून मग मरतो, ते जास्त वाईट. जेफेट हा सरळ मार्ग: गेटच्या पायावरच्या व्होल्टनं सोर्स आणि ड्रेन या पायांमधली वाट उघडणारा-मिटवणारा ट्रान्झिस्टर. आपल्याकडे कॉलेजांच्या प्रयोगशाळांमुळे बीएफडब्ल्यू१० हा धातूच्या टोपीचा जेफेट सहज मिळतो, आम्हीही आधी तोच लावला. वरचे व्होल्ट छान धरले. शून्याच्या खालचे मात्र धरतच नव्हता. कारण साधं आहे. एन-चॅनल जेफेट पूर्ण तुटायला त्याचं गेट सोर्सपेक्षा ठरावीक व्होल्टनं खाली न्यावं लागतं, आणि बीएफडब्ल्यू१० मध्ये हा आकडा ८ पर्यंत असू शकतो. सिग्नल उणे ५ ला असेल तर गेट उणे १३ ला न्यावं लागेल. आपल्याकडं ऋण बाजूला आहेत फक्त १२, ऑपअँपमधून आणि डायोडमधून जाता जाता त्यातले १० उरतात. नळ अर्धवट उघडाच राहतो. जे११३ मध्ये हाच आकडा ०.५ ते ३ आहे, उणे ५ च्या सिग्नलला उणे ८ पुरतात. त्याचा जोडलेला असतानाचा रोध १०० ओहमपर्यंत, आपल्या कामाला भरपूर.

जोडणी अशी. इनपुट जॅक, १ किलोओहम, पहिल्या टीएल०७२ चा एक अर्धा भाग बफर म्हणून, इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहम. बफरच्या आउटपुटपासून १०० ओहम (नाहीतर ऑपअँप कंडेन्सरवर थेट लोड होऊन किणकिणतो), मग जे११३ चा सोर्स. ड्रेनपासून होल्डचा कंडेन्सर ग्राउंडला, आणि तिथूनच दुसऱ्या टीएल०७२ चा बफर. जे११३ च्या गेटपासून सोर्सला १ मेगओहम. गेटला १एन४१४८, त्याची काळी पट्टी कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टांची तुलना करून वर किंवा खाली जाणाऱ्या ऑपअँपच्या) बाजूला. कंपॅरेटर वर गेला की डायोड सुटतो, १ मेगओहममुळं गेट सोर्सच्या बरोबरीला येतं, स्विच जोडला जातो. कंपॅरेटर खाली गेला की डायोड गेटला ओढून नेतो, स्विच तुटतो.

कंपॅरेटर म्हणजे पहिल्या टीएल०७२ चा उरलेला अर्धा भाग. ट्रिगर जॅकपासून १० नॅनोफॅरड, तिथून ग्राउंडला ३३ किलोओहम, आणि तोच सांधा कंपॅरेटरच्या धन इनपुटला. ऋण इनपुटला १२ व्होल्टमधून ५६ किलो आणि १० किलोची विभागणी, म्हणजे १.८ व्होल्ट. ५ व्होल्टचा गेट (हा ट्रिगर जॅकला येणारा चौकोनी सिग्नल, जेफेटचा पाय नव्हे) चढला की सांध्यावर ५ ची नखी उमटते आणि ०.३३ मिलिसेकंदाच्या गतीनं उतरते, १.८ च्या वर असेपर्यंत, म्हणजे साधारण ०.३४ मिलिसेकंद, स्विच जोडलेला. १० व्होल्टच्या गेटला तीच खिडकी ०.५७ मिलिसेकंदांची होते. १०० ओहमचा रेझिस्टर आणि जेफेटचे १०० मिळून २०० ओहम, कंडेन्सर १०० नॅनोफॅरड, म्हणजे २० मायक्रोसेकंदाचा वेग. त्याच्या दहापट धरली तरी २०० मायक्रोसेकंदांत व्होल्ट पूर्ण बसतो. खिडकी पुरते.

इथं एक भूत भेटतं. ५ व्होल्टच्या गेटवर सगळं ठीक, १० व्होल्टचा गेट लावला की एका ठोक्यात सूर दोनदा बदलतो. एकदा गेट चढताना आणि एकदा उतरताना. उतरताना का बदलावा? तर १० व्होल्टचा गेट खाली येतो तेव्हा त्या सांध्यावर उणे १० ची नखी उमटते. टीएल०७२ चं इनपुट ऋण रेलच्या, म्हणजे उणे १२ च्या तारेच्या, तीनेक व्होल्ट जवळ गेलं की त्याचं डोकं फिरतं, आउटपुट खाली राहण्याऐवजी एकदम वर जातं. याला फेज उलटणं म्हणतात. आमच्या कंपॅरेटरला ते वर जाणं म्हणजेच ट्रिगर. उपाय पन्नास पैशांचा: सांध्यापासून ग्राउंडला आणखी एक १एन४१४८, पट्टी सांध्याकडे. नखी उणे ०.६ च्या खाली जातच नाही. हा डायोड अनेक आकृत्यांत नसतो, कारण ती काढणाऱ्याकडं ५ व्होल्टचे गेट असावेत.

ट्रिगरला एलएफओची (मंद ऑसिलेटरची) त्रिकोणी लहर लावू नये. तिचा चढ एवढा मंद असतो की १० नॅनोफॅरडच्या पलीकडं १.८ व्होल्ट कधी पोचतच नाहीत. चौकोनी आउटपुट वापरा.

नॉइजवर फार शाई घालवत नाही. बीसी५४७ चं एमिटर १०० किलोओहममधून १२ व्होल्टला, बेस ग्राउंडला, कलेक्टर मोकळा. उलट्या दिशेनं आठ-नऊ व्होल्टला तो फुटतो आणि फुसफुसतो. ती फुसफूस शंभरपट वाढवली की झालं. दहा ट्रान्झिस्टर एकामागून एक सॉकेटमध्ये घालून ऐकावेत. दोन मुके निघतात, दोन तडतडतात, बाकीचे चांगले.

आता गळती.

गणित एका ओळीचं: सेकंदाला पडणारा व्होल्ट म्हणजे गळणारा करंट भागिले कंडेन्सर. १०० पिकोअँपिअर गळत असतील आणि कंडेन्सर १० नॅनोफॅरडचा असेल तर सेकंदाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे १२ सेंट. १०० नॅनोफॅरडला एक मिलिव्होल्ट. टीएल०७२ चं इनपुट काही दहा पिकोअँपिअर पितं आणि तुटलेल्या जे११३ च्या गेटमधूनही तसेच काही जातात. हे आकडे २५ अंशांचे. जेफेटच्या जोडातली गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. ४५ अंशांना चौपट. पेटी बंद असेल, खाली रेग्युलेटर तापत असेल तर आत ५५ सहज होतात, तिथं आठपट. जानेवारीच्या सकाळी बांधून तपासलेलं सर्किट मे महिन्याच्या दुपारी कितीतरी पटींनी घसरू लागतं, आणि माणूस सोल्डरचे सांधे शोधत बसतो.

त्याहून फसवा निघाला कुलर. दुपारी सूर घसरत होते म्हणून बोर्ड कुलरसमोर ठेवला. खोलीचं तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं आणि घसरण वाढली. कुलर थंड करतो तो पाणी उडवून. त्याच्या तोंडाशी हवा पावसाळ्यासारखी दमट. होल्डच्या सांध्याभोवती (जिथं ड्रेन, कंडेन्सर आणि दुसरा बफर मिळतात तिथं) सोल्डरच्या फ्लक्सचा पिवळा थर राहिला होता, त्यानं तो दमटपणा धरला आणि स्वतःच रेझिस्टर बनला. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं दोनदा धुतला, अर्धा तास उन्हात ठेवला (उन्हाचा हा एक उपयोग), आणि मग कुलरसमोर ठेवला तेव्हा घसरण खरोखर कमी झाली.

गळती कुठून आहे ते घसरण्याच्या दिशेवरून कळतं. ही गोष्ट आम्हाला आधी माहीत असती तर आठवडा वाचला असता. इनपुटला उणे ३ व्होल्ट देऊन एक ट्रिगर द्या, मग इनपुट काढून शून्यावर सोडा आणि आउटपुट पाहा. नंतर अधिक ३ नं तेच करा.

दोन्ही वेळा व्होल्ट खाली सरकत असेल, म्हणजे अधिक ३ कमी होतोय आणि उणे ३ आणखी खोल जातोय, तर गळती अर्धवाहकातली आहे. जे११३ चं गेट उणे १० ला बसलेलं असतं आणि ते सांध्यातून थोडं थोडं ओढत राहतं. ही उष्णतेनं वाढते. बोर्डावरून उणे १२ च्या रेलकडं जाणारी वाटही अशीच दिसते, फक्त ती दमटपणानं वाढते.

दोन्ही शून्याकडं येत असतील तर कुठूनतरी ग्राउंडला वाट आहे. बहुतेक वेळा फ्लक्स, क्वचित कंडेन्सर. पण लक्षात घ्या, इनपुटही शून्यावरच आहे. म्हणून आता इनपुटला अधिक ५ लावून पुन्हा पाहा: धरलेला व्होल्ट इनपुटकडं ओढला जात असेल तर स्विच नीट तुटतच नाहीये. बीएफडब्ल्यू१० चं दुखणं असंच सापडलं.

मोजताना मल्टिमीटर नेहमी आउटपुट जॅकवर. होल्डच्या सांध्यावर त्याचं टोक लावायचं नाही. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम, कंडेन्सर १०० नॅनोफॅरड, म्हणजे एका सेकंदात तुम्ही धरलेल्यातला दोन तृतीयांश व्होल्ट मीटरच पिऊन टाकतो.

टीएल०७२ चा कुठला अर्धा होल्डला लावायचा, हेही महत्त्वाचं. आकृतीत दोन्ही त्रिकोण सारखेच दिसतात, पायांवर नाही. ३ नंबरच्या पायाला लागून ४ नंबर असतो, आणि ४ वर उणे १२ व्होल्ट. अडीच मिलिमीटरच्या अंतरावर १२ व्होल्ट बसलेत आणि मधे फ्लक्स. ५ नंबरचा पाय मात्र कोपऱ्यात आहे. त्याला लागून फक्त ६, आणि बफरमध्ये ६ हा ७ ला म्हणजे आउटपुटला जोडलेला असतो. म्हणजे ५ आणि ६ वर कायम एकच व्होल्ट. दोन टोकांना सारखाच व्होल्ट असेल तर मधे कितीही घाण असली तरी काही वाहत नाही. शेजारी तोच पहारेकरी. आमच्या पहिल्या बोर्डावर होल्ड ३ वर होता. तो ५ वर नेला, एवढंच, आणि कुलरसमोरची घसरण निम्म्याहून कमी झाली. याच्याही पुढं जायचं असेल तर ५ नंबरचा पाय वाकवून बोर्डाच्या वर हवेत ठेवावा आणि कंडेन्सर, जेफेटचा ड्रेन व हा पाय हवेतच सोल्डर करावेत. दिसायला गबाळं दिसतं. हवेसारखा इन्सुलेटर नाही.

एवढं केल्यावर १०० नॅनोफॅरडच्या पॉलिप्रॉपिलिन कंडेन्सरवर सकाळी सहाला, २७ अंशांत, ५ व्होल्ट धरले तर मिनिटाला ३० मिलिव्होल्ट जात होते. दुपारी तीनला, ४४ अंशांत, १२० च्या आसपास. म्हणजे सेकंदाला दोन मिलिव्होल्ट, अडीच सेंट. तानपुऱ्यावर दोन सेकंदांचा सूर चालतो, दहा सेकंदांचा नाही.

कंडेन्सर पॉलिप्रॉपिलिनचाच का, तेही सांगायला हवं. चपट्या सिरॅमिकवर सूर लागून परत जुन्या सुराकडं सरकू लागतो. उंच सूर बराच वेळ धरलेला, मग एकदम खालचा सूर सॅम्पल केला, तर तो लागतो बरोबर पण पुढच्या दोन-तीन सेकंदांत थोडा वर चढतो. ही गळती नाही. कंडेन्सरच्या आतलं द्रव्य आधीचा विद्युतभार मुरवून ठेवतं आणि मागाहून सोडतं. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण ०.२ ते ०.५ टक्के, पॉलिप्रॉपिलिनमध्ये ०.०५ च्या आसपास. ५ व्होल्टच्या उडीला ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिव्होल्ट, १८ सेंट. ऐकू येतात. आणखी एक धक्का स्विच तुटताना बसतो: गेट १५-१६ व्होल्टनं खाली पडतं, त्याची ३ पिकोफॅरडची नकळत जोडणी ४८ पिकोकूलंब सांध्यातून घेऊन जाते. १० नॅनोफॅरडवर तो खड्डा पाच मिलिव्होल्टचा, १०० वर अर्ध्याचा. जुन्या आकृत्यांतला १० नॅनोफॅरड आम्ही याच कारणानं लगेच सोडला.

मग मोठा पॉलिप्रॉपिलिन कंडेन्सर कुठं मिळेल? तो प्रत्येक खेड्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेला असतो. छताच्या पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलिनचाच असतो. दुकानदार विचारतो, "पंखा फिरत नाही की हळू फिरते?" त्याला काय सांगायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. नवाच घ्यावा, पंख्यातून काढलेला भरलेला असू शकतो आणि झटका देतो.

हा लावायचा तर खिडकी मोठी करावी लागते. २०० ओहम गुणिले अडीच मायक्रोफॅरड म्हणजे अर्धा मिलिसेकंद, दहापट धरा, पाच मिलिसेकंद. शिवाय टीएल०७२ वीसेक मिलिअँपिअरच देऊ शकतो, १० व्होल्टची उडी भरायला त्यातच सव्वा मिलिसेकंद जातो. म्हणून ट्रिगरचा १० नॅनोफॅरड काढून तिथं २२० घातला. खिडकी सात मिलिसेकंदांच्या वर गेली. नॉइज सॅम्पल करताना या सात मिलिसेकंदांत आउटपुटवर नॉइजची फर्रकन झुळूक ऐकू येते, प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक 'छ'. काहींना ती आवडते. आम्ही तिथं एन्व्हलप (सुराच्या आवाजाचा चढउतार) दहा मिलिसेकंद उशिरा सुरू करून ती लपवली.

हिशेबानं गळती पंचवीसपट कमी व्हायला हवी होती. झाली साताठपट. आणि दिशा बदलली: आधी दोन्ही बाजूंनी खाली जाणारा व्होल्ट आता शून्याकडं येऊ लागला. म्हणजे जेफेटची गळती मागं पडली आणि कंडेन्सरची स्वतःची पुढं आली. त्याच्या आतल्या पातळ फिल्मचाही काही रोध असतोच, आणि फिल्मचं क्षेत्रफळ वाढवलं की कपॅसिटी वाढते तेवढाच तो रोध कमी होतो. म्हणून एका मर्यादेपलीकडं कंडेन्सर मोठा करून काहीच हाती लागत नाही. पाच मायक्रोचा कुलरच्या मोटारीचा कंडेन्सरही लावून पाहिला, आकडा तिथंच. तरी ४४ अंशांत सेकंदाला पाव मिलिव्होल्ट ही गळती तानपुऱ्याला पुरेशी आहे. पाच सेंट घसरायला सोळा-सतरा सेकंद लागतात. सध्या पॅनेलवर एक खटका आहे: एका बाजूला १०० नॅनोफॅरड आणि छोटी खिडकी, दुसऱ्या बाजूला पंख्याचा कंडेन्सर आणि मोठी खिडकी. दोन पोलचा खटका लागतो, आणि तो होल्डच्या सांध्यात टाकला तर धूळ न बसणारा, बंद तोंडाचा घ्यावा. कंडेन्सरच्या ग्राउंडच्या बाजूला खटका टाकला तर सांधा स्वच्छ राहतो; आम्ही तसंच केलं.

अर्थिंगचं राहिलं होतं. सळई हवेत असताना इनपुटवर ५० हर्ट्झची घूं २०-३० मिलिव्होल्टची असायची. ऐकायला ती नगण्य, कारण धरलेल्या व्होल्टमध्ये घूं येतच नाही, तिचा एक क्षण तेवढा येतो. पण क्लॉक बरोबर १० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक सॅम्पल घूंच्या पाचव्या लहरीला एकाच जागी पडतं आणि सूर फक्त थोडा वर किंवा खाली बसतो. क्लॉक ९.९ झाला की दोन सेकंदांची एक संथ लाट तयार होते: पाच गुणिले ९.९ म्हणजे ४९.५, उरला अर्धा हर्ट्झ. एकच स्थिर व्होल्ट सॅम्पल करत असताना सूर असा हेलकावे खाऊ लागला की आधी ऑसिलेटर बिघडला असं वाटतं. क्लॉकचा वेग किंचित फिरवून पाहा. हेलकाव्याचा वेग त्याबरोबर बदलला तर दोष लाइनचा. बादलीभर पाणी.

पावसाळ्याआधी होल्डच्या सांध्याला वार्निशचे दोन हात दिले, बोर्ड आधी धुऊन आणि पूर्ण वाळवून. ओल्यावर वार्निश मारलं तर दमटपणा आतच कोंडतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचा तंतू सगळीकडं उडतो, जॅकच्या भोकांतूनही आत जातो. वाळलेला तंतू काही करत नाही, धुक्यात ओलसर झालेला करतो. दर महिन्याला एकदा पेटी उघडून मऊ ब्रशनं झाडायची, फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ सरळ ५ नंबरच्या पायावर बसते आणि पुढचा तासभर सूर घसरत राहतो.